पगडीवर हेल्मेट मावत नाही

नांदेडच्या वजिराबादेतून बुलेटवर निघालेल्या सरदारजीला हेल्मेट नाही म्हणून कुणी पावती फाडत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नं पगडी बांधलेल्या शिखाला ती सूट दिलेली आहे. त्याच सरदारजीनं बुलेट घरी ठेवली, सायकल काढली आणि दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे या सायकलफेरीला नाव घातलं, तर मात्र त्याची पंचाईत होते. साधी सायकल चालवायला आपला कायदा हेल्मेट मागत नाही. ते मागतात शर्यतींचे आणि ब्रेव्हेंचे नियम, आणि त्या नियमांत पगडीचा उल्लेख नसतो. म्हणजे ऐंशीच्या वेगानं जाताना पगडी चालते आणि पंचवीसच्या वेगानं जाताना चालत नाही.

२०१५ साली दिल्लीच्या एका शीख सायकलस्वाराच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलं. आझाद हिंद ब्रेव्हेमध्ये हेल्मेट घालायला नकार दिल्यामुळे ते बाद ठरले. ब्रेव्हे ही शर्यतही नव्हे. पहिला-दुसरा नंबर नाही, ठरलेल्या वेळात अंतर पुरं करायचं, बस्स. त्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठलं. एप्रिल २०१८ मध्ये न्या. शरद बोबडे आणि न्या. एल. नागेश्वर राव यांच्या खंडपीठापुढे प्रकरण आलं, तेव्हा न्यायालयानं जे विचारलं ते सायकलीच्या फार पलीकडचं होतं: शिखाला पगडीच बंधनकारक आहे, की नुसतं डोकं झाकणं पुरेसं आहे?

वरवर पाहता प्रश्न सरळ आहे. त्यामागे १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून चालत आलेला विचार आहे. (हे शिरूर उडुपीचं. लातूरच्या शिरूर ताजबंदाशी किंवा शिरूर अनंतपाळाशी त्याचा संबंध नाही.) धर्मातलं जे 'अत्यावश्यक' असेल त्याला राज्यघटनेचं संरक्षण, बाकीच्याला नाही, असा तो विचार. अत्यावश्यक काय हे त्या त्या धर्माच्या शिकवणीवरून ठरवावं, असंही त्याच निकालानं म्हटलं होतं. पण व्यवहारात ठरवायला बसतात न्यायाधीशच. गंमत अशी की घटनेच्या पंचविसाव्या कलमाखाली कृपाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला जाईल, असं तिथं लिहिलं आहे. पगडीबद्दल मात्र घटनाकारांनी अक्षर लिहिलेलं नाही. बहुधा कुणी पगडी उतरवायला सांगेल असं त्यांच्या मनातच आलं नसावं.

हा प्रश्न दिल्लीत विचारला गेला, तरी तो तपासायला नांदेड ही जास्त योग्य जागा आहे. गुरु गोविंदसिंगांनी १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला खालसा पंथ उभा केला आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये गोदावरीकाठी नांदेडला देह ठेवला. त्याआधी ग्रंथसाहिबाला गुरुपद देऊन देहधारी गुरूंची परंपरा त्यांनी इथंच संपवली. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवलेला सचखंड गुरुद्वारा शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक आहे. इथल्या रीती अमृतसरपेक्षा काही बाबतींत वेगळ्या आहेत. दशम ग्रंथ या दुसऱ्या धर्मग्रंथाचा प्रकाश (विधिपूर्वक उघडणं) इथं ग्रंथसाहिबाच्या जोडीनं होतो. आणि इथं घोडे आहेत. गुरूंच्या घोड्याच्या वंशातले म्हणून मान दिले जाणारे हे घोडे होला-महल्ल्याच्या आणि दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत सजून निघतात.

घोड्यांचा विषय काढला तो अशासाठी की खालशाचा पोशाख मुळात स्वाराचा पोशाख आहे. खालशानं अंगावर बाळगायच्या पाच ककारांपैकी कच्छ म्हणजे गुडघ्यापर्यंतची सैलसर चड्डी. धोतर सावरत घोड्यावर टांग टाकणं आणि लढाईत झटक्यानं उतरणं अवघड, म्हणून ही बेताची, पायांना मोकळीक देणारी शिवण. मराठा स्वारांचा चोळणाही याच गरजेतला. कंगवा केसांच्या गाठीत, कडं मनगटावर, कृपाण खांद्यावरून आडव्या पट्ट्यात: हात मोकळे राहतात आणि धावताना काही पडत नाही. निहंग या शीख योद्ध्यांची उंच पगडी, दुमाला, तर डोक्यावरची ढालच. त्यावर पोलादी चक्रं चढवलेली असतात. धर्माचा पोशाख म्हटला की डोळ्यांसमोर येतात त्या पायघोळ कफन्या, चालायलाही अडचण व्हावी अशा. इथं उलटं आहे. हा कामाचा पोशाख आहे. काम करणाऱ्यानं तो अंगावेगळा करायचा नाही, एवढंच त्याला लावलेलं व्रत.

'रहित मर्यादा' ही शिखांची आचारसंहिता १९४५ साली मान्य झाली. तीत पोशाखाबद्दल म्हटलं आहे की कच्छ आणि पगडी सोडता शिखावर दुसरं कसलंच बंधन नाही. स्त्रियांना तर पगडीही ऐच्छिक आहे. म्हणजे अंगाला चिकटणारी, गुलाबी-जांभळी, पाठीला तीन खिसे असलेली जर्सी घालायला गुरूंची काही हरकत नाही. खरी अडचण कमरेखाली सुरू होते, आणि तिची चर्चा न्यायालयात झाल्याचं ऐकिवात नाही. सायकलीची पॅडवाली बिब शॉर्ट आत काही न घालता वापरायची असते. आत शिवणीचा कपडा असला की साठ-सत्तर किलोमीटरनंतर मांड्या सोलवटतात. अमृतधारी, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेल्या, शिखानं मात्र कच्छ उतरवायचं नाही. काही कर्मठ मंडळी तर बदलतानाही एक पाय जुन्यात ठेवून दुसरा नव्यात घालतात. तीनशे वर्षांपूर्वी घोड्याच्या खोगिरासाठी सोयीचं ठरलेलं वस्त्र आज सायकलीच्या सीटवर गैरसोयीचं होतं, आणि तरी ते सुटत नाही. 'सोयीसाठी सुरू झालं, सोय संपली, सोडा' हा युक्तिवाद इथं थांबतो. सोय हे नेमाचं उगमस्थान असू शकतं. पण नेम एकदा घेतला की त्याचं बळ सोयीतून येत नाही, घेणाऱ्यानं दिलेल्या शब्दातून येतं.

आता पलीकडच्या बाजूला पाहू. व्यावसायिक सायकलपटूंची जर्सी. ती निव्वळ उपयोगाची वस्तू असा समज आहे. कापड घाम शोषतं, वारा कापतं, बाकी काही नाही. प्रत्यक्षात जगात इतका चिन्हांनी लडबडलेला पोशाख शोधून सापडणार नाही.

टूर द फ्रान्सची पिवळी जर्सी १९१९ साली आली. आघाडीवरचा स्वार गर्दीत ओळखू यावा हे कारण, आणि रंग पिवळा कारण शर्यत भरवणारं 'लोटो' हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं. इटलीची गुलाबी जर्सी १९३१ पासूनची; 'गॅझेटा देल्लो स्पोर्ट'चा कागद गुलाबी. टूरमध्ये घाटांत सरस ठरणाऱ्या 'डोंगरांच्या राजा'चे लाल ठिपके १९७५ साली आले ते एका चॉकलेट कंपनीकडून. (आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्या किताबाला ठिपके नाहीत, पण किताब फ्रेंचांपेक्षा फर्डा आहे.) स्कूटर आणि मोटारी आल्या, सायकलींचा धंदा बसला आणि संघांना पैसा कमी पडू लागला, तेव्हा १९५४ साली फिओरेन्झो मान्यी या सायकलपटूनं नीव्हिया क्रीमवाल्यांना छातीवर जागा दिली. तिथून सायकलीशी संबंध नसलेल्या मालाची दारं उघडली. एडी मर्क्स हा बहुतेकांच्या मते सर्वकाळचा श्रेष्ठ सायकलपटू. त्यानं कारकिर्दीचा ऐन काळ छातीवर मोल्तेनी या सॉसेज करणाऱ्या कंपनीचं नाव मिरवत काढला. आज त्या तपकिरी-नारिंगी जर्सीची प्रतिकृती लोक श्रद्धेनं विकत घेतात. सॉसेजचा पुतळा कुणी उभारला नसता, पण मर्क्सच्या घामानं ते नाव पवित्र झालं.

दर जानेवारीत नव्या जर्सी जाहीर होतात आणि शौकिनांत वाद झडतात. एजी-टू-आर संघाच्या तपकिरी चड्ड्या कुणाला कुरूप वाटायच्या, कुणाला राजस. १९८५ मध्ये बर्नार्ड इनोनं 'ला व्ही क्लेर' संघाची मॉन्द्रियानच्या चित्रासारखी चौकटींची जर्सी घालून टूर जिंकली. आजही सुंदर जर्सींच्या गप्पा तिच्यापासून सुरू होतात. २०२० च्या जिरो या इटलीच्या शर्यतीत ईएफ संघ बदकांची चित्रं असलेली जर्सी घालून आला आणि त्याला दंड झाला. मारिओ चिपोल्लिनी या सायकलपटूनं तर २००१ मध्ये सोललेल्या स्नायूंचं चित्र छापलेला पोशाख घातला, म्हणजे कपड्यावर देहाचं आतलं रूप. त्यालाही दंड. यांत सगळ्यांत बोलका दाखला ओन्से या स्पॅनिश संघाचा. त्याची मूळ जर्सी पिवळी. पण टूरमध्ये पिवळा रंग एकट्या आघाडीवीराचा, म्हणून हा संघ तिथं दर वर्षी आपला रंग बदलून येई. संघाची पुरस्कर्ती संस्था होती स्पेनची अंधांची राष्ट्रीय संघटना. ज्यांना रंग दिसत नाही त्यांनी रंगाचा मान राखायला आपला रंग सोडला! देवळात जाताना पायातलं काढून ठेवावं, इतक्या सहजपणे.

तर ज्याला आपण निधर्मी, कामापुरता पोशाख म्हणतो तो आतून पुरता कर्मकांडी आहे. त्यात वर्ण आहेत, अधिकार आहेत, निषेध आहेत, प्रायश्चित्तंही आहेत. आणि ज्याला धार्मिक म्हणतो तो मुळात घोड्यावरच्या माणसाचा सुटसुटीत गणवेश. फरक एका ठिकाणी पडतो. पिवळी जर्सी उधारीची असते. आज अंगावर, उद्या हरलात की दुसऱ्याच्या. संघाची जर्सी करार संपेपर्यंत. उतरवताना कुणाचं काही मोडत नाही. खालशाचा पोशाख उतरवण्यासाठी बनवलेलाच नाही. म्हणून 'हे अत्यावश्यक आहे का' या प्रश्नापेक्षा 'हे उतरवलं तर माणसाचं काय मोडतं' हा प्रश्न अधिक प्रामाणिक वाटतो.

यावर बिशनसिंग बेदींचं उदाहरण पुढे येतं, आणि ते टाळण्यात अर्थ नाही. बेदी रंगीबेरंगी पटके (पगडीऐवजी केसांवर घट्ट बांधायचं छोटं कापड) बांधून गोलंदाजी करत. मिल्खासिंग केसांच्या गाठीवर रुमाल बांधून धावले. त्यांच्या शीखपणाबद्दल कुणी शंका घेतली नाही. मग सायकलस्वारानं पटका बांधून वर हेल्मेट घालायला काय हरकत? उत्तर असं की बेदींनी पटका स्वतः निवडला होता. नियमाच्या पुस्तकातून तो त्यांच्या डोक्यावर आला नव्हता. बाहेरून एकच दिसणारी गोष्ट कुणाच्या हातानं बांधली गेली यावरून तिचं मोल बदलतं.

लातूरकडे वळलं की प्रश्नाला आणखी एक पदर सुटतो. लातूर, औसा, निलंगा, उदगीर हा लिंगायतांचा मुलूख. बसवण्णांचं कल्याण, म्हणजे बसवकल्याण, जिल्ह्याच्या हद्दीपलीकडेच आहे. बाराव्या शतकात बसवण्णांनी देवळातला देव माणसाच्या अंगावर आणला. इष्टलिंग गळ्यात, छातीशी. पुरुषाच्याही आणि स्त्रीच्याही. कधी कापडात, कधी चांदीच्या डबीत. पगडीइतकाच हा नेम कडक आहे. पण लिंगायत सायकलस्वारानं जर्सीची चेन गळ्यापर्यंत ओढली की संपलं. ठोके मोजणारा पट्टा आणि इष्टलिंग छातीवर शेजारी शेजारी राहतात, कुणी काही विचारत नाही. वारकऱ्याच्या तुळशीच्या माळेचंही तेच. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनची मंडळी पंढरपूरला सायकलवारी करतात तेव्हा एकसारख्या जर्सीच्या आत कुणाच्या गळ्यात माळ आहे हे कळतही नाही. नियम सर्वांना सारखाच लागू आहे म्हणताना हे विसरलं जातं की तो फक्त दिसणाऱ्या धर्माला अडवतो. ज्याचा देव जर्सीखाली मावतो त्याला आपली श्रद्धा अत्यावश्यक असल्याचं शपथपत्र द्यावं लागत नाही.

दिसण्याचा हा हिशेब बायकांच्या बाबतीत अधिकच वाकडा होतो. सप्टेंबर २०१४ मध्ये कोलंबियाच्या एका महिला संघाचा फोटो जगभर फिरला. इटलीत तस्कनीच्या शर्यतीत त्या उभ्या होत्या. जर्सीचा पोटापासून मांड्यांपर्यंतचा भाग कातडीच्या रंगाचा, त्यामुळे उन्हात त्या तिथं उघड्या असल्यासारख्या दिसत होत्या. जागतिक सायकल महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रायन कुकसन यांनी तो पोशाख सभ्यतेच्या कुठल्याही मापानं अमान्य ठरवला. पोशाख संघातल्याच एका सायकलपटूनं रेखाटला होता, आणि आपल्याला त्याची लाज वाटत नाही असं तिनं सांगितलं. चिपोल्लिनीचे सोललेले स्नायू हा विनोद ठरला होता. यांच्या अंगावरचा रंग मात्र अब्रूचा प्रश्न झाला.

मराठवाड्यात अब्रूचा हा कारभार ओढणी सांभाळते. मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या आठवी ते बारावीच्या मुली सकाळी वाडीवस्तीवरून शाळेकडे निघतात तेव्हा ओढणी दोन्ही खांद्यांना पिनांनी जखडलेली, वर उन्हासाठी आणि धुळीसाठी तोंडाला स्कार्फ. ओढणीचं टोक सुटलं तर चाकात किंवा चेनमध्ये जातं. गळ्याला फास बसू शकतो. सुरक्षेच्या नावाखाली पगडीकडे बोट दाखवणाऱ्या कुणी ओढणीवर नियम केल्याचं दिसत नाही. ती धर्माज्ञा नाही, कायदा नाही, कुठल्या ग्रंथात तिचं कलम नाही. तरी ती उतरवणं पगडी उतरवण्याइतकंच कठीण, आणि तिच्यासाठी शब्द कुणी दिलेला नसतो, तो घेतला जातो. नेम आणि सक्ती यांतला फरक शोधायचा असेल तर न्यायालयापेक्षा शाळेच्या सायकल स्टँडवर तो लवकर सापडेल.

हेल्मेटवाल्यांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. डोकं फुटतं तेव्हा धर्म पाहून फुटत नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दस्तार आणि दुमाला अशा वेगवेगळ्या बांधणीच्या पगड्या चाचणीच्या डोक्यांवर चढवून आदळून पाहिल्या. उघड्या डोक्यापेक्षा पगडी बरीच वाचवते, जाड आणि पसरून बांधलेली अधिक वाचवते. पण सायकलीचं हेल्मेट तिच्यापेक्षा चांगलं ठरतं. हे शिखांनीही नाकारू नये. अट एवढीच की हेल्मेट म्हणजे जणू उपजत शहाणपण असल्यासारखं बोलू नये. १९९१ च्या पॅरिस-नीस शर्यतीत हेल्मेटसक्तीविरुद्ध व्यावसायिक सायकलपटूंनी बंड केलं होतं. उघड्या डोक्यानं घाट चढणं हा त्यांचाही एक धर्मच होता. २००३ मध्ये त्याच शर्यतीत पडून आंद्रेई किविलेव्ह हा सायकलपटू गेला, तेव्हा कुठे सक्ती आली. तीही सुरुवातीला अर्धवट: शेवटच्या लांब चढावर हेल्मेट काढून टाकायची मुभा होती.

मधला रस्ता निघतोय तो शिवणकामातून. कॅनडात ओंटारियोच्या एका शीख आईनं, तिच्या मुलांच्या पटक्यावर कुठलंच हेल्मेट बसेना म्हणून, वरच्या गाठीसाठी फुगवटा ठेवलेलं हेल्मेट तयार करवलं, त्याची सुरक्षा चाचणी पार पाडली आणि २०२२ च्या अखेरीस ते लोकांपुढे आणलं. त्याचं कौतुकच झालं. जवळपास त्याच सुमारास भारतीय लष्करानं शीख जवानांसाठी, त्यांच्या केसांच्या गाठीला जागा देणारी १२,७३० बुलेटरोधक शिरस्त्राणं घ्यायचं ठरवलं. त्याला मात्र अकाल तख्ताच्या जथेदारांनी आणि शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं कडाडून विरोध केला. डोकं तेच, गाठ तीच, वस्तूही त्याच जातीची. एक घरातून आलं, दुसरं वरून. शिवाय एक मुलांच्या पटक्यासाठी होतं. मोठ्या माणसाच्या पाच-सहा मीटरच्या पगडीवर चढणारं हेल्मेट अजून पाहण्यात नाही.

तोवर ब्रेव्हे भरवणाऱ्यांनी नियमात एक ओळ वाढवायला हरकत नाही. ऑस्ट्रेलियात सायकलस्वाराला कायद्यानंच हेल्मेट लागतं. तरी क्वीन्सलँडनं २०१३ मध्ये शिखांना सूट दिली आणि रस्ते चालू राहिले. नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर या रस्त्यावर रात्री चमकणारं जॅकेट, पुढचा-मागचा दिवा आणि विमा यांचा आग्रह धरावाच. कारण तिथं मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर पगडी आणि हेल्मेट दोन्ही सारख्याच बेफिकिरीनं पाहतो. सज्ञान शिखाकडून जोखीम आपली असल्याचं लिहून घ्यावं आणि त्याला सोडावं. उरतो तो दवाखान्याच्या बिलाचा प्रश्न. जोखीम आपली म्हणणाऱ्याचं डोकं फुटलं तर खर्च घरच्यांनी सोसायचा, आयोजकांनी की विमा कंपनीनं, यावर सही घेण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून बोलायला हवं.